माझी, माजी आणि ब्रेकअप

निवृत्त झाल्यापासून मी कोर्टासमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात बसतो. दुकान मित्राचं, कोपऱ्यातली खुर्ची माझी. सोलापुरात उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, त्यामुळे 'सर' ही हाक आणि खिशातलं लाल पेन या दोन गोष्टी काही सुटल्या नाहीत. लोक इंग्रजी नोटिसा घेऊन येतात, मी त्यांचं मराठी करून देतो. मराठीत वाचून झालं की बहुतेकांना वाटतं, इंग्रजीत होती तेच बरं होतं.

परवा दुपारी असाच बसलो होतो, तर माझा एक माजी विद्यार्थी आला. 'माजी' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पोरगा शहराच्या पूर्व भागातला. घरी चार यंत्रमाग, स्वतः नवी पेठेत चादरींच्या दुकानात सेल्समन. शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला हा कायम खिडकीबाहेर बघायचा. आज स्वतःहून इंग्रजी विचारायला आला म्हटल्यावर मी चष्मा पुसला.

"सर, ब्रेक म्हणजे काय हो?"

"कुठला? गाडीचा की तुटण्याचा?"

"तेच तर कळंना झालंय. ती म्हणली, आपण ब्रेक घेऊ. मी म्हणलं, घेऊ की, चहा घेऊ. तिनं फोनच ठेवला."

यात पोराचा दोष अर्धाच. इंग्रजीत गाडी थांबवणारा ब्रेक आणि काचेचा कप फोडणारा ब्रेक यांची स्पेलिंगं वेगळी आहेत. देवनागरीत दोघंही एकाच सतरंजीवर बसतात. त्यातून मधल्या सुट्टीचा ब्रेक आणि जाहिरातीसाठी घेतलेला छोटासा ब्रेक. एवढ्या गर्दीत प्रेमातला ब्रेक त्यानं ओळखावा कसा?

"आणि ब्रेकअप?" त्यानं विचारलं. "अप लावल्यावर किती वाढतंय?"

"तुझ्याच भाषेत सांगतो. ब्रेक म्हणजे धागा तुटला म्हणून माग थांबवला. ब्रेकअप म्हणजे माग भंगारात घातला."

हे त्याला पटकन कळलं. पण चेहरा आणखी गोंधळला. "पण सर, आमचे शेठ तर रोज म्हणतेत, बिलाचा ब्रेकअप दे. चादर इतक्याला, टॉवेल इतक्याला, जीएसटी इतका."

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आपल्याकडच्या इंग्रजीनं प्रेम मोडण्याला आणि बिलाची फोड करण्याला एकच शब्द ठेवलाय, आणि दोन्हीकडे शेवटी कुणाकडून किती येणं आहे हेच बघायचं असतं.

मी त्याला म्हटलं, बस. दोन चहा सांग. आज तुझ्या दुकानासारखं करू. गिऱ्हाईक एक चादर मागतं आणि तुम्ही वीस उलगडून दाखवता, तसा मी तुला इंग्रजांचा सगळा माल उलगडून दाखवतो.

पहिला नग 'डंप'. त्यानं तिला डंप केलं किंवा तिनं त्याला. हे क्रियापद म्हणजे पोलीस पंचनामा. कर्ता कोण, कर्म कोण, रस्त्यावर पडलंय कोण, सगळं एका वाक्यात येतं. ज्या शब्दानं वाळूचा डंपर रिकामा होतो, त्याच शब्दानं माणूसही रिकामा केला जातो. डंप झालेल्या माणसाबद्दल इंग्रज पहिला प्रश्न विचारतो, कुणी कुणाला? सोलापुरात पहिला प्रश्न असतो, घरच्यांना कळलं का?

दुसरा 'जिल्ट'. हा सतराव्या शतकापासूनचा माल, वीण घट्ट. आशा लावायची, होकाराच्या उंबरठ्यापर्यंत आणायचं आणि ऐनवेळी पाठ फिरवायची, याला जिल्ट करणं म्हणतात. हा शब्द आता मुख्यतः इंग्रजी वर्तमानपत्रांच्या गुन्ह्यांच्या पानावर राहतो. तिथला प्रत्येक 'लव्हर' 'जिल्टेड' असतो. तीच बातमी मराठीत आली की 'एकतर्फी प्रेमातून' अशी सुरू होते. नीट बघितलं तर दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. इंग्रजी बातमीदार आरोपीला निदान कुणीतरी एकदा होकार दिला होता असं धरून चालतो. मराठी बातमीदार त्याला तेवढंही श्रेय देत नाही. शिवाय आमच्या कोर्टात 'एकतर्फी' म्हणजे दुसरी बाजू तारखेला आलीच नाही म्हणून झालेला निकाल. प्रेमातही नेमकं तेच होतं. एकजण सगळ्या तारखांना हजर राहतो, दुसऱ्याला समन्सच पोचलेलं नसतं.

इथे एक गोष्ट अदबीनं सांगायला हवी. नकार कसा द्यावा, याचा आदर्श सोलापूरच्या ग्रामदैवतानंच घालून दिलाय. आख्यायिका अशी की कुंभारकन्येनं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांकडे लग्नाची इच्छा सांगितली. ते योगी. त्यांनी तिला टाळलं नाही, आशेवरही ठेवलं नाही. आपला योगदंड पुढे केला आणि विवाह त्याच्याशी लागला. आजही दर संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज मिरवत येतात आणि आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे राहून अक्षता टाकतो. ज्या कट्ट्यापाशी हा सोहळा होतो त्याचं नावही 'संमती कट्टा'. एवढं सगळं डोळ्यासमोर असताना आमची पोरं इन्स्टाग्रामवर ब्लॉक करून मोकळी होतात.

त्यावरून तिसरा नग 'घोस्टिंग'. हे अगदी नवं डिझाइन. मेरियम-वेबस्टर डिक्शनरीनं हा शब्द २०१७ साली आत घेतला. भांडण नाही, निरोप नाही, कारण नाही. माणूस एकाएकी फोन उचलेनासा होतो, मेसेजला उत्तर देईनासा होतो, आणि भुतासारखा नाहीसा होतो. पोराला मी विचारलं, समजलं का? तो म्हणाला, "समजलं की सर. आपल्या नळासारखं." सोलापूरकराला घोस्टिंग शिकवावं लागत नाही. पाणी येणार म्हणून पहाटे उठून हंडे-कळश्या मांडायच्या, नळाच्या तोंडाला कान लावायचा, आणि आतून नुसती हवा. चार दिवसांनी काही झालंच नाही अशा थाटात तो परत येतो. आपणही काही विचारत नाही, भरून घेतो.

चौथा 'इस्ट्रेंज्ड'. याच्या पोटात लॅटिनमधला 'बाहेरचा' बसलाय. स्ट्रेंज, स्ट्रेंजर ही त्याचीच भावंडं. म्हणजे जो घरातला होता त्याला अनोळखी करून टाकला. इंग्रजी बातमीत 'इस्ट्रेंज्ड वाइफ' आली की अनुवादक अडतो. घटस्फोट झालेला नाही, कोर्टाचा कागद नाही, पण एका ताटात जेवणारी माणसं आता एका लग्नात दोन वेगवेगळ्या पंगतींना बसतात. मी याचं मराठी 'दुरावलेली पत्नी' असं करतो. आमचा टायपिस्ट 'माहेरी असलेली पत्नी' असं करतो. त्याचं भाषांतर जास्त बरोबर आहे. मराठीत बाईचं बिनसलेलं कळतं ते मनावरून नव्हे, पत्त्यावरून.

पाचवा 'डिव्होर्स'. लॅटिनमध्ये याचा अर्थ वेगवेगळ्या दिशांना वळणं. रस्त्याचं काम चालू असलं की पिंप आडवं लावून 'डायव्हर्जन' अशी पाटी लावतात ना, ती याच घराण्यातली. या शब्दात फोडाफोडी नाही, आरडाओरड नाही. तू पुण्याच्या रस्त्याला लाग, मी हैदराबादच्या. तरीही हा शब्द काहींना टोचला. २०१४ साली ग्वेनेथ पॅल्ट्रो या हॉलिवूडच्या नटीनं नवऱ्यापासून वेगळं होताना 'कॉन्शस अनकपलिंग' असा शब्दप्रयोग केला आणि जगभर चर्चा झाली. आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. मी त्यांना हे कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय? मी तीस वर्षं तेच केलं. शुद्धीवर राहूनच करावं लागतं, नाहीतर हात जातो."

सहावा 'अनलमेंट'. यात लग्न मोडत नाही. कोर्ट म्हणतं, ते झालंच नव्हतं. मग प्रश्न पडतो, वऱ्हाडातले चारशे लोक कुठे जेवले? मानपानावरून रुसलेले भावजी कशावर रुसले?

आणि सगळ्यात शेवटी सुट्टा माल, 'एक्स'. जेमतेम दीड अक्षराचा शब्द. 'ही माझी एक्स' म्हटलं की इंग्रजीत काम भागतं. मराठीत याला 'माजी' म्हणावं लागतं, आणि 'माजी' म्हटलं की पुढे आमदार, नगरसेवक किंवा सरपंच येतो. 'माजी प्रेयसी' म्हटल्यावर मला तर सत्कार समारंभात दुसऱ्या रांगेत शाल घेऊन बसलेली बाई दिसते.

इथे पोरानं मला थांबवलं. "सर, एवढं सगळं इंग्लिशमध्ये. मग आपल्यात काय?"

आपल्यात काय? मी चहाचा घोट घेतला. आपल्यात आधी भूमिका समजून घ्यावी लागते. इंग्रजी भाषा नातं तुटल्यावर विचारते, कुणी तोडलं? मराठी भाषा त्याच वेळी खिडकीबाहेर बघते आणि म्हणते, 'त्यांचं बिनसलं.'

त्यांचं काय बिनसलं? सांगत नाही. 'त्यांचं' हे नपुंसकलिंगी सर्वनाम आहे आणि त्याच्या पुढचं नाम आजवर कुणी पाहिलेलं नाही. दोघं बागेत दिसले तर 'त्यांचं काहीतरी आहे'. पुढे गेलं तर 'त्यांचं जमलं', 'त्यांचं जुळलं'. मग 'त्यांचं वाजलं', 'त्यांचं फिसकटलं', 'त्यांचं फाटलं'. सुरुवातीपासून शेवटापर्यंत प्रेमाचं नाव नाही, दोषी माणसाचं नाव नाही. अपघात झाला, पण गाडी कुणाची होती हे व्याकरणानंच दडवलं. दोन्हीकडच्या सोयरिकी सांभाळायच्या असतील तर याहून सोयीची वाक्यरचना जगात सापडायची नाही.

वस्तूंच्या बाबतीत मात्र मराठी एकदम रोखठोक होते. इंग्रजीत जे काही मोडतं ते काळजात मोडतं, मराठीत ते हातात मोडतं. लहानपणी 'कट्टी' करताना अंगठ्याचं नख दाताला लावून सोडायचं, की मैत्री संपली. मोठेपणी काडीचे दोन तुकडे केले की 'काडीमोड'. पूर्वी अनेक जातींत खरोखरच पंचांपुढे काडी मोडत. कागद दिला की 'सोडचिठ्ठी'. 'फारकत' तर थेट सावकारी कागदपत्रांतून आलेली. मूळ फारसी-अरबी, अर्थ देणंघेणं मिटल्याची पावती. कर्ज फिटलं तरी फारकत, नवरा सुटला तरी फारकत. आजच्या भाषेत नो ड्यूज सर्टिफिकेट.

आणि 'घटस्फोट'? हा शब्द मुळात लग्नातला नाहीच. धर्मशास्त्रात एखाद्याला पतित ठरवून बाहेर काढायचं असेल, तर त्याच्या नावानं पाण्याचा घडा लवंडत, फोडत. तो जिवंतपणी मेला असं समजायचं. म्हणजे 'वाळीत टाकणं' होतं ते पुढे नवरा-बायकोच्या विभक्त होण्यावर येऊन बसलं. शब्दाचं मूळ कळल्यावर एक गोष्ट उमगते. घटस्फोट झालेल्या माणसाकडे आमचा समाज अजूनही तसंच का बघतो, याचं उत्तर त्या फुटलेल्या घड्यात आहे. बघण्याची पद्धत शब्दाबरोबरच वारसाहक्कानं आली.

गंमत म्हणजे आमच्यात लग्न जुळतं तेही काहीतरी फोडूनच. सुपारी फुटली की लग्न ठरलं. काडी मोडली की लग्न मोडलं. फोडाफोडी दोन्हीकडे आहे. फक्त पहिल्या वेळी पेढे असतात.

शेजारच्या टेबलावर बिडी कारखान्यातल्या एक अक्का पीएफचा अर्ज टाइप करून घेत होत्या. आमचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्यात घटस्फोटाला विडाकुलू म्हणतेत." तेलुगूत 'आकु' म्हणजे पान, एवढं मला ठाऊक आहे. पानं खुडण्या-कापण्यात ज्यांचा जन्म जातो त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकताना बरं वाटलं. मराठीत काडी, तेलुगूत पान. दाराशी एक वकील साहेब उभे होते, उर्दूत वाढलेले. त्यांनी भर घातली, "आमच्याकडे शब्दावरूनच कळतं. नवऱ्यानं दिला तर तलाक, बायकोनं मागून घेतला तर खुला." म्हणजे इंग्रजीचा तो 'कुणी कुणाला' हा प्रश्न उर्दूनं शब्दातच सोडवून टाकलाय. इंडी तालुक्यातून आलेले एक आजोबा बाकावर डुलकी काढत होते. ते डोळे न उघडताच म्हणाले, "नमदू सोडचीटी." आमची मराठी चिठ्ठी सीमेपलीकडे कानडीत जाऊन सुखानं नांदतेय. प्रेम मोडायच्या बाबतीत तरी सीमाप्रश्न सुटलेला आहे.

आता मराठीची लाजही सांगतो, कारण मास्तरानं दोन्ही बाजू शिकवायच्या असतात. मराठीत 'टाकलेली' असा एक शब्द आहे. त्याचं पुल्लिंग मला कधी ऐकू आलं नाही. टाकलेला कपडा असतो, टाकलेला खटला असतो, पण टाकलेला नवरा या भाषेत जन्मालाच आलेला नाही. सभ्य मंडळींनी मग 'परित्यक्ता' काढला. तोही स्त्रीलिंगीच वापरात राहिला. इंग्रज यात फार पुढारलेले आहेत असं समजू नका. त्यांच्याकडे 'ग्रास विडो' आहे. शब्दशः गवताची विधवा. हिंदुस्थानात नवरा उन्हात कचेरी सांभाळायचा आणि मॅडम सिमल्याला थंड हवेत जायच्या, तेव्हा त्यांना असं म्हणत. त्याआधी तो शब्द फसवून सोडलेल्या बाईसाठीही होता. 'ग्रास विडोअर' आला तो फार मागाहून. आमच्याकडे काडी, त्यांच्याकडे गवत. दोन्हीकडे बाईच्या वाट्याला चाराच.

वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिरातींत आणखी एक रत्न आहे : 'निर्दोष घटस्फोटित'. वाचल्यावर वाटतं, खटला चालला, साक्षी झाल्या आणि सबळ पुराव्याअभावी सुटका झाली. दुसरा प्रकार 'नाममात्र घटस्फोटित'. यात लग्न नाममात्र होतं की घटस्फोट, हे चहा-पोह्यांच्या वेळी स्पष्ट करायचं असतं.

आता वळू कोर्टाकडे, कारण माझं पोट त्यावर आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं या सगळ्या भावनांना कलमांत बसवलं. कलम १० म्हणजे न्यायालयीन विभक्तता. लग्न शिल्लक, संसार बंद. कलम १३ म्हणजे घटस्फोट. १९७६ साली १३-ब आलं, दोघांच्या संमतीचं. त्यात आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असायला हवं आणि अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं. याला वकील 'कूलिंग पीरियड' म्हणतात. पारा त्रेचाळीसवर गेलेला असताना, पंखा गरम हवा फेकत असताना, घामेजलेल्या जोडप्याला कूलिंग पीरियड समजावून सांगणं हे खास सोलापुरी कसब आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते असं सांगितलं. आमच्या हवामानाचा विचार झाला असावा.

पण या कायद्यातलं माझं आवडतं कलम ९ वं. इंग्रजीत 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स'. सरकारी मराठीत 'दांपत्याधिकारांचे प्रत्यास्थापन'. हे एका दमात म्हणता आलं तर जोडीदारानं परत यायला हरकत नाही. पण दुकानात येणारा माणूस असं काही म्हणत नाही. तो म्हणतो, "साहेब, बायको नांदायला यावी म्हणून अर्ज करायचाय."

नांदणं! मी इंग्रजीचा मास्तर, पण या शब्दापुढे हात टेकले. इंग्रजीकडे तुटण्याचे सात नग आहेत, नांदण्याचा एकही नाही. 'लिव्ह टुगेदर' म्हटलं तर त्यात नुसती खोली आणि भाडं येतं. 'नांदणं' म्हणजे राहणं, रुजणं, त्या घरची होणं, सणाला पुरण घालणं आणि दिराचं बोलणं मनावर न घेणं. आणि त्याचं प्रयोजकही आहे, 'नांदवणं'. ती नांदत नाही की तो नांदवत नाही, या एका 'व'वर अख्खा खटला उभा राहतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका नवऱ्याचा असाच अर्ज आमच्या दुकानात टाइप झाला. टायपिस्ट नवा होता. 'माझी पत्नी नांदायला यावी' या वाक्यात त्याचं बोट झ ऐवजी ज वर पडलं आणि 'माजी पत्नी नांदायला यावी' असं उमटलं. मी तपासलं नाही, वकिलानं तपासलं नाही, अशिलानं सही केली. महिन्याभरानं तीच बाई नोटीस घेऊन आमच्याच दुकानात उत्तर टाइप करायला आली. माझ्या नजरेला ते 'माजी' पडलं आणि मला घाम फुटला. मी माफी मागितली, म्हटलं, बाई, टायपिंगची चूक आहे, आत्ता दुरुस्त करतो. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"असू द्या, सर. अख्ख्या नोटिशीत तेवढंच एक त्यांनी खरं लिहिलंय."

तेव्हापासून 'नांदणं' या शब्दाचं कौतुक मी थोडं जपून करतो. बायकोला नांदायला आणण्याचा हा दावा मुळात आमचा नाहीच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आला. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यानं आपल्या बायकोवर, रखमाबाईवर, तोच लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी नांदायला जायला तयार नव्हती. आधी न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, मग अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईनं सांगितलं, तुरुंगात जाते. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, तिची सुटका झाली, ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिनं दवाखान्यात आयुष्य काढलं. इंग्लंडनं हा दावा १९७० च्या कायद्यानं मोडीत काढला. आम्ही मात्र कलम ९ अजून जपून ठेवलंय. परदेशी माल आम्ही सहसा टाकत नाही.

एवढं बोलून मी थांबलो. चहा निवला होता, अक्कांचा अर्ज झाला होता, आजोबा पुन्हा झोपले होते. पोरगा मात्र तसाच बसलेला.

"सर, ते सगळं झालं. पण माझं कशात बसतंय?"

मी म्हटलं, चौकशी करू. "बोलणं बंद आहे?"

"नाही सर. सकाळी गुड मॉर्निंग येतंय. पण फूल नसतंय."

"ब्लॉक?"

"नाही."

"तुझा डीपी बघते?"

"स्टेटस बघतीय. पहिल्या पाच मिनिटांत."

लाल पेन काढलं आणि निकाल दिला. "हा ब्रेक नाही, ब्रेकअप तर नाहीच. याला मराठीत रुसवा म्हणतात. आमच्या लग्नांत विहिणी तीन दिवस करायच्या आणि एका शालूवर मिटायचा. इंग्रजीत विचारत बसू नकोस. मराठीत मेसेज टाक."

"काय टाकू?"

"लिही, आपलं काय बिनसलंय का?"

त्यानं माझ्यासमोरच टाइप केलं. मला त्यातलं 'आपलं' हवं होतं. इंग्रजीतल्या 'अवर'ला ऐकणारा आत आहे की बाहेर, याचा पत्ताच नसतो. मराठीत 'आमचं' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपलं' म्हटलं की तो आत. भांडणाची चौकशी करतानाही समोरच्याला आत घेऊन दार लावणारा हा शब्द आहे.

दोन मिनिटांत उत्तर आलं. त्यानं वाचलं आणि पडलेल्या तोंडानं फोन माझ्यापुढे धरला. तिथे लिहिलं होतं, 'आपलं नाही. तुझं बिनसलंय. पाचला पार्क चौकात ये, सांगते.'

"सर, ह्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतेत?"

"इंग्रजीत काही म्हणत असतील. मराठीत भांडण म्हणतात. आणि भांडायला बोलावलंय म्हणजे अजून तुझं काही माजी झालेलं नाही. पळ."

तो पळाला, आणि शिष्याच्या धर्माला जागून पैसे न देताच पळाला. टपरीवाल्याचं बिल मी दिलं. त्याचा ब्रेकअप असा : दोन चहा वीस रुपये, एक क्रीमरोल दहा रुपये. एकूण तीस.